कॅरेक्टर डायनिंग: दोन मिनिटांची भेट आणि तिच्यासाठीची तयारी

प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला सहा जण जाणार आहेत. आई-बाबा, आजी-आजोबा, साडेपाच वर्षांची मुलगी आणि पावणेदोन वर्षांचा मुलगा. मिकी, मिनी, राजकन्या वगैरे टेबलापाशी येऊन भेटतात असं एक जेवण करायचं आहे. कुठलं निवडावं, बुकिंग कधी करावं, धाकटा घाबरला तर काय करावं, अंडंही न खाणाऱ्या आजी-आजोबांचं काय, आणि एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण एकदाच. हे जेवण म्हणून महाग आहे आणि चवीसाठी कुणी तिथे जाऊ नये. तुम्ही पैसे देता ते बसल्या जागी, रांगेशिवाय, चार-पाच कॅरेक्टर्स आपल्या टेबलाशी येण्याचे. पार्कमध्ये एकेका कॅरेक्टरसाठी वेगळी रांग असते आणि प्रत्येक रांगेत अर्धा-पाऊण तास सहज जातो. पावणेदोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन, फ्लोरिडाच्या दमट हवेत अशा चार रांगा लावल्या की दिवस संपला. इथे गार हॉलमध्ये, खुर्चीवर बसून तेच होतं. पण प्रत्येक कॅरेक्टर तुमच्या टेबलाशी जेमतेम एक-दोन मिनिटं थांबतं. दीड तासाच्या जेवणात खऱ्या भेटीची मिनिटं सात-आठ. ती वाया जाऊ नयेत एवढ्यासाठी बाकीची सगळी तयारी.

आधी हिशेब. वयाचे तीन गट आहेत: ३ वर्षांखालील मुलांना पैसे नाहीत, ३ ते ९ चा मुलांचा दर, आणि १० पासून मोठ्यांचा दर. वय भेटीच्या दिवशीचं धरतात. म्हणजे धाकट्याचे पैसे लागणार नाहीत, पण आरक्षणात त्याचं डोकं मोजावंच लागतं. टेबल सहाचंच मागा. मोठ्यांचा दर ६५ डॉलर आणि मुलांचा ४२ धरला (जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे हे कमीजास्त होतं), तर चार मोठे आणि एक मूल मिळून ३०२ डॉलर. त्यावर साडेसहा टक्के विक्रीकर म्हणजे सुमारे २० डॉलर. ६ किंवा अधिक जणांच्या टेबलाला १८ टक्के टिप बिलातच लावतात, ती साधारण ५४. एकूण ३७६ च्या घरात. बिल हातात आलं की टिपची ओळ आधी शोधा. ती लागलेली असूनही खाली टिपसाठी आणखी एक रिकामी ओळ छापलेली असते आणि आपल्याकडचे बरेच जण तिथे पुन्हा १८ टक्के लिहून मोकळे होतात. ती ओळ रिकामी सोडली तर चालतं. दुसरा छुपा खर्च तिकिटाचा: पार्कच्या आतल्या रेस्टॉरंटला त्या दिवशीचं पार्कचं तिकीट लागतंच, हॉटेलांतल्या रेस्टॉरंटना लागत नाही. म्हणून हॉटेलातलं जेवण, तुम्ही पार्कला जाणार नसाल त्या दिवशी ठेवणं शहाणपणाचं.

आता कुठे जायचं. डिस्ने वर्ल्डमध्ये असे पर्याय डझनाच्या आसपास आहेत. तुमच्या कुटुंबाला ज्यांचा विचार करता येईल तेवढेच घेतो.

कंटेम्पररी हॉटेलातलं शेफ मिकीज सगळ्यांत प्रसिद्ध. मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी आणि प्लूटो असे पाचही एकाच बफेला. हॉटेल मॅजिक किंग्डम या पार्कपासून चालत दहाएक मिनिटांवर, आणि मोनोरेल इमारतीच्या पोटातूनच जाते, त्यामुळे आजोबांना चालणं कमी. खोट एकच: गोंगाट. हॉल मोठा, छत उंच, मध्येच गाणं मोठं लावून सगळं सभागृह नाचायला लागतं. पाच वर्षांच्या मुलीला ते आवडेल. पावणेदोन वर्षांच्या मुलाला एकाच वेळी आवाज, गर्दी आणि मोठाले मुखवटे झेपतीलच असं नाही.

एपकॉट या पार्कमधलं गार्डन ग्रिल याच्या अगदी उलट. द लँड या पॅव्हेलियनमधली ही जेवणाची जागा गोल फिरते, इतकी हळू की वाटीतलं सूपही हिंदकळत नाही. खाली जी बोटीची सफर चालते तिची दृश्यं टेबलाशेजारून सरकत राहतात. मिकी, प्लूटो, चिप आणि डेल येतात. जेवण बफे नाही, टेबलावर ताटं आणून ठेवतात आणि हवं तेवढं पुन्हा मागता येतं. बसायला पाठ असलेली बाकं आहेत, त्यामुळे कॅरेक्टर एकाच बाजूने, समोरून येतं. लहान मुलाला मागून अचानक कुणी येण्याची भीती सर्वांत जास्त असते, ती इथे आपोआप टळते. फक्त, बाकावर आत सरकून बसायचं असल्यामुळे बाहेरच्या कडेला कोण हे आधी ठरवा.

रिव्हिएरा हॉटेलाच्या वरच्या मजल्यावरचं टोपोलिनोज टेरेस फक्त नाश्त्याला कॅरेक्टर्सचं असतं. मिकी चित्रकाराच्या पोशाखात, मिनी कवयित्री, डोनाल्ड शिल्पकार, डेझी नर्तिका. अन्न या सगळ्यांत सरस, उजेड सुरेख, फोटो उत्तम येतात. आणि म्हणूनच बुकिंग सर्वांत आधी संपतं.

मॅजिक किंग्डममधल्या क्रिस्टल पॅलेसला विनी द पू, टिगर, पिगलेट, इयोर. काचेच्या छपराची इमारत, भरपूर नैसर्गिक उजेड, आणि कॅरेक्टर्स गुबगुबीत, मवाळ चेहऱ्यांची. धाकट्यासाठी ही मंडळी मिकीपेक्षाही सोपी. अॅनिमल किंग्डममधल्या टस्कर हाउसच्या बफेत आफ्रिकन आणि भारतीय धाटणीचे मसालेदार पदार्थ असतात. आजी-आजोबांची जीभ तीन दिवसांत पांढऱ्या सॉसला कंटाळली असेल, तर दुपारचं जेवण तिथे गोड लागेल. डोनाल्ड, डेझी, मिकी आणि गूफी तिथे सफारीच्या कपड्यांत असतात.

मुलीला राजकन्याच हव्या असतील, तर एपकॉटच्या नॉर्वे विभागातलं आकरशस पाहा. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण त्याहून महाग पडतं आणि तिथे तुम्ही मुख्यतः किल्ल्याचे पैसे देता. मुलीने किल्ल्याचाच ध्यास घेतला नसेल तर आकरशस पुरेसं आहे. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातलं १९०० पार्क फेअर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं. तिथे सिंड्रेलाबरोबर टियाना, अलादिन आणि मिराबेल असतात, शिवाय पार्कचं तिकीट लागत नाही.

माझा सल्ला तुमच्या सहा जणांसाठी: गार्डन ग्रिल किंवा क्रिस्टल पॅलेस. निवड धाकट्याच्या भीतीकडे बघून करा, मोठीच्या आवडीकडे बघून नाही. मोठी कुठेही रमेल. धाकटा रडायला लागला तर टेबलावरच्या सहाही जणांचं जेवण तिथेच थांबतं.

बुकिंगचं गणित नीट समजून घ्या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना एक सवलत आहे: पोहोचण्याच्या तारखेच्या ६० दिवस आधी, पुढच्या १० दिवसांपर्यंतच्या मुक्कामातली सगळी आरक्षणं एकाच दिवशी करता येतात. तुमचा मुक्काम २४ ऑक्टोबरला सुरू होत असेल तर तो दिवस २५ ऑगस्ट. त्या दिवशी तुम्ही २८ ऑक्टोबरचं टेबल धरू शकता. बाहेरच्या हॉटेलात राहणाऱ्यांना २८ साठी आणखी चार दिवस थांबावं लागतं. म्हणून मागणी असलेलं जेवण मुक्कामाच्या उत्तरार्धात ठेवा, पहिल्या दिवशी ठेवू नका. ऑनलाइन खिडकी तिथल्या पहाटे सहाच्या सुमारास उघडते. ऑगस्टमध्ये फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे पुण्यात दुपारचे साडेतीन. सव्वातीनलाच लॉगिन करून बसा.

आदल्या दिवशी करायची कामं: डिस्नेच्या अॅपमध्ये खातं, त्यात सहाही जणांची नावं आणि मुलांच्या जन्मतारखा, परदेशी व्यवहार चालू असलेलं क्रेडिट कार्ड आधीच जोडलेलं. भारतीय कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बरेचदा बंद असतात. ऐनवेळी बँकेच्या अॅपमध्ये ते चालू करेपर्यंत टेबल गेलेलं असतं. कार्ड हमीसाठी घेतात. वेळेच्या २ तास आधीपर्यंत रद्द केलं तर काही कापत नाहीत. न कळवता गेलाच नाहीत तर माणशी १० डॉलर.

सहा जणांचं टेबल मिळत नसेल तर लगेच तीन-तीनची दोन आरक्षणं करू नका. टेबलं शेजारी मिळतीलच अशी हमी नसते आणि कॅरेक्टर दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी पोहोचतं. आजी एका कोपऱ्यात, नात दुसऱ्या. त्यापेक्षा मिळेल त्या वेळेचं सहाचं टेबल धरून ठेवा आणि चांगल्या वेळेसाठी रोज पाहत राहा. लोकांचे बेत बदलतात, विशेषतः भेटीच्या आदल्या संध्याकाळी पुष्कळ टेबलं सुटतात.

वेळ कुठली? इथे भारतातून जाणाऱ्यांची अडचण अमेरिकेतल्या कुटुंबांपेक्षा वेगळी आहे. ऑरलँडोत संध्याकाळचे सात म्हणजे मुलांच्या शरीराला पहाटेचे साडेचार. पहिल्या चार दिवसांत रात्रीचं कॅरेक्टर डिनर घेतलंत तर मिकी येईल तेव्हा मूल बाबांच्या खांद्यावर झोपलेलं असेल, आणि उठवलंत तर मुखवटा बघून किंचाळेल. उलट त्याच दिवसांत मुलं पहाटे चारलाच टक्क जागी असतात. तेव्हा सकाळचा आठ-साडेआठचा नाश्ता. दुसरा चांगला पर्याय नाश्त्याची शेवटची वेळ: हॉटेलात थोडं दूध-बिस्किट देऊन दहा-साडेदहाला पोहोचायचं, म्हणजे दुपारचं जेवणही त्यातच निघतं. गार्डन ग्रिल आणि क्रिस्टल पॅलेसला दुपारी जाणार असाल तर साडेअकराची पहिली वेळ घ्या. धाकट्याच्या झोपेच्या तासावर टेबल कधीही घेऊ नका. ऑक्टोबरची आणखी एक गोष्ट: हॅलोविनच्या पार्टीची रात्र असेल त्या दिवशी मॅजिक किंग्डम साध्या तिकिटवाल्यांसाठी संध्याकाळी सहाला बंद होतं. तिथलं जेवण धरताना तारीख तपासा.

आता धाकट्याची भीती. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पालक सर्वांत जास्त चुका इथेच करतात.

कॅरेक्टर्स दोन जातींची असतात. सिंड्रेला, स्नो व्हाइट, अलादिन यांचा चेहरा उघडा असतो. ती बोलतात, प्रश्न विचारतात, मुलांच्या उत्तरांवर हसतात. मिकी, गूफी, टिगर ही पूर्ण मुखवट्याची. ती एक शब्दही बोलत नाहीत, सगळं हातवाऱ्यांनी. साधारण दीड ते तीन वर्षांच्या मुलाला या दुसऱ्या प्रकाराची भीती वाटणं अगदी स्वाभाविक आहे. त्या वयाचं मूल माणसाच्या चेहऱ्याकडे बघून समोरच्याचा हेतू ओळखतं. मुखवट्याचा चेहरा हलत नाही, डोळे मिटत नाहीत, आवाज येत नाही, आणि डोकं त्याच्या अख्ख्या अंगाएवढं. पुस्तकात बोटभर असलेला मिकी दारातून येतो तेव्हा मोठ्या माणसाएवढा दिसतो. टीव्हीवर मिकी आवडतो म्हणून समोरचाही आवडेल, हा अंदाज म्हणूनच चुकतो. त्यातून आपल्याकडच्या मॉलमध्ये किंवा वाढदिवसाला भाड्याने आणलेल्या मुखवटेवाल्याने मुलाला एकदा ओढून फोटोला उभं केलं असेल, तर ती आठवणही बरोबर येते.

तयारी घरून तीन-चार आठवडे आधी सुरू करा. कॅरेक्टर्स खऱ्या मुलांना भेटतानाचे व्हिडिओ दाखवा, कार्टून नव्हे. त्यात मिकी मुलांपेक्षा केवढा तरी मोठा आहे हे दिसलं पाहिजे. खेळताना बाबांनी डोक्यावर मोठी उशी किंवा टोपली धरून, न बोलता, फक्त हात हलवत दारातून यायचं. मुलाने टाळी द्यायची किंवा 'टाटा' करून परत पाठवायचं. 'परत पाठवायचं' हा भाग महत्त्वाचा. आपण हात हलवला की ते मोठं डोकं निघून जातं, हे मुलाच्या अंगवळणी पडलं की निम्मी भीती जाते.

तिथे पोहोचल्यावर बैठक. धाकट्याची उंच खुर्ची रस्त्याच्या कडेला लावायला वेटर सहज तयार होतो, कारण त्याला तीच सोयीची वाटते. तुम्ही ती आत, भिंतीच्या किंवा आजीच्या बाजूला मागून घ्या. रस्त्याच्या कडेला मोठी मुलगी बसू दे. मग कॅरेक्टर आधी तिच्याशी खेळतं आणि धाकटा दोन हातांवरून, सुरक्षित जागेतून ते पाहतो. पहिलं कॅरेक्टर हॉलमध्ये आलं की लगेच बोट दाखवून 'ते बघ, आलं आलं!' असा गलका करू नका. शांतपणे म्हणा, 'तो पलीकडच्या टेबलावर डोनाल्ड बघ, त्या दादाला टाळी देतोय.' दोन-तीन टेबलं आधीपासून त्याला बघू द्या.

कॅरेक्टर तुमच्या टेबलाशी आलं की त्याच्यासोबत बहुधा एक सहायक असतो. मूल आक्रसलं, तोंड फिरवलं किंवा तुमच्या कपड्याला घट्ट धरलं, तर सहायकाकडे पाहून तळहात पुढे धरा, एवढंच. या लोकांना हे रोजचं आहे. कॅरेक्टर एक पाऊल मागे सरतं, खाली बसतं, स्वतःचे डोळे हातांनी झाकून लपाछपी खेळतं, कधी नुसता दुरून हात हलवून पुढे जातं. त्यानंतर पायऱ्या अशा: दुरून हात हलवणं, मग आई किंवा बाबांनी कॅरेक्टरशी हात मिळवणं, मग मुलाने कडेवरूनच त्याच्या हाताला बोट लावणं. बहुतेक मुलं पहिल्या कॅरेक्टरला रडतात, दुसऱ्याकडे टक लावून बघतात आणि तिसऱ्याला टाळी देतात. चौथ्याच्या वेळी सोडत नाहीत. पण हा क्रम घाई केली की मोडतो. रडणाऱ्या मुलाला कॅरेक्टरच्या हातात ठेवून फोटो काढला, तर उरलेला सगळा प्रवास त्याला प्रत्येक मुखवट्याची भीती वाटत राहील. आजोबांना हे निघण्याआधीच सांगून ठेवा. 'अरे काही करत नाही तो, जा बघू' हे वाक्य सहसा त्यांच्याच तोंडून येतं.

मोठी मुलगी विचारेल, 'आत खरा माणूस आहे ना?' साडेपाच हे शंका येण्याचंच वय आहे. खोटं बोलू नका आणि भांडंही फोडू नका. 'तुला काय वाटतं?' असं विचारा आणि तिचं उत्तर जसंच्या तसं राहू द्या. मुलांना बहुतेक वेळा खेळ चालू ठेवायचाच असतो. आणि राजकन्यांना विचारायला दोन प्रश्न घरूनच तयार ठेवा. 'तुझे उंदीर कुठे आहेत?' असं सिंड्रेलाला विचारलं तर ती खरोखर उत्तर देते आणि भेट लांबते. प्रश्न इंग्रजीत म्हणायची थोडी सवय करून घ्या. नुसतं लाजून उभं राहिलं तर दोन मिनिटं फोटोतच जातात.

सही हा वेगळा विषय. मुखवटेवाल्यांचे हातमोजे चार बोटांचे आणि जाड असतात. नेहमीचं बारीक बॉलपेन त्यांच्या बोटांतून निसटतं, टोपण काढता येत नाही, आणि दोन मिनिटांतलं अर्धं मिनिट त्या झटापटीत जातं. अंगठ्याएवढं जाड पेन किंवा मार्कर घ्या, शक्यतो दाबून उघडणारं. टोपणाचं असेल तर टोपण तुम्ही काढून द्या. वही पुठ्ठ्याच्या कव्हरची, हाताच्या पंजापेक्षा मोठी, आणि नेमकं कोरं पान उघडून रबरबँड लावलेली. पानं पातळ असतील तर मार्कर पलीकडे उमटतो, म्हणून एकाआड एक पान वापरा. अंगात घातलेल्या कपड्यांवर सही करत नाहीत, आधीच सांगून ठेवा म्हणजे मुलीचा हिरमोड होणार नाही. सही सगळ्यांत शेवटी मागावी. आधी मिठी, मग फोटो, मग वही. वही पुढे केली की कॅरेक्टरचं लक्ष वहीत जातं आणि मुलीला फक्त त्याच्या डोक्याची मागची बाजू दिसते.

मुखवट्यातून दिसतं फार कमी, खाली आणि बाजूला तर जवळजवळ नाहीच. ज्या मुलाचं डोकं कॅरेक्टरच्या कमरेइतकं आहे ते पायाशी उभं असताना त्याला दिसत नाही. मागून पळत जाऊन मिठी मारणं, शेपूट ओढणं यात दोघांनाही इजा होऊ शकते. मुलीला एकच नियम शिकवा: समोरून जायचं, हात हलवायचा, त्याने आपल्याकडे बघितलं की मग मिठी.

फोटोसाठी एका मोठ्या माणसाला नेमा आणि त्याने त्या वेळी दुसरं काही करायचं नाही. फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आणा, म्हणजे तुम्ही गुडघ्यावर. उभ्याने काढलेल्या फोटोत मुलाचं डोकं आणि मिकीचं पोट येतं. मागे खिडकी असेल तर चेहरे काळे पडतात. बाजू बदलायला सांगितलं तर कॅरेक्टर आनंदाने बदलतं. फोनचं बटण दाबून धरून एकापाठोपाठ दहा-बारा फोटो घ्या, कारण मिकी हलत नसला तरी मुलं हलतात. टेबलावरच्या खरकट्या ताटल्या आधी बाजूला सारा. हे साधं आहे, पण घरी आल्यावर फोटोत नजर पहिली जाते ती अर्धवट खाल्लेल्या आम्लेटवरच.

बफेच्या ठिकाणी एक घोळ हमखास होतो: ताट वाढून घ्यायला सगळे एकदम उठतात आणि नेमका तेव्हाच गूफी टेबलाशी येऊन रिकाम्या खुर्च्या बघून पुढे जातो. पाळी लावा. मुलांपाशी कायम एक मोठा माणूस, आणि मुलांची ताटं पहिल्या दहा मिनिटांतच आणून ठेवा. कॅरेक्टर्स ठरलेल्या क्रमाने टेबलं घेतात, मध्ये विश्रांतीला आत जातात. पूर्ण फेरीला पाऊण ते एक तास धरा. एखादं चुकलं तर मुलीला हात धरून हॉलभर त्याच्या मागे नेऊ नका, ते थांबत नाहीत. वेटरला सांगा, 'आमची मिनी राहिली.' तो सहायकाला निरोप देतो आणि ती परत येते. हे बिल मागायच्या आधी सांगायचं.

आता आजी-आजोबांचं ताट. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. तिथे त्यात अंडं चालतं असंच धरतात. वॉफल, पॅनकेक, मफिन, फ्रेंच टोस्ट, बहुतेक केक, या सगळ्यांत अंडं. मिकीच्या आकाराचं ते प्रसिद्ध वॉफलही त्यातच आलं. डिस्नेच्या मेनूवर हिरव्या पानाचं चिन्ह असतं. त्या पदार्थांत मांस, दूध, अंडी, मध यांतलं काहीच नसतं. आजी-आजोबांना दूध चालतं, म्हणून हे चिन्ह गरजेपेक्षा कडक आहे, पण डोळे मिटून भरवसा ठेवता येतो. अंडं तिथे अॅलर्जीच्या यादीतलं असल्यामुळे कोणत्या पदार्थात ते आहे याची नोंद स्वयंपाकघराकडे असतेच. आरक्षण करतानाच 'दोघांना मांस, मासे, अंडी चालत नाहीत' असं लिहा आणि बसल्यावर वेटरला पुन्हा सांगा. टेबलावर ताटं येणाऱ्या जागी दोघांचं वेगळं ताट येतं. बफेला शेफशी बोलून घ्या. लपलेल्या वस्तू तीन: जेली आणि मार्शमॅलोमधलं जिलेटिन, भाज्यांच्या सूपमधला चिकनचा अर्क, आणि मांसाबरोबर त्याच तेलात तळलेले बटाटे. फळं, ओटमील, दही, ब्रेड, सॅलड यांवर आजोबांचा नाश्ता व्यवस्थित होतो. संकष्टी किंवा एकादशी त्या दिवशी येत असेल तर टेबलाची तारीखच बदला. माणशी पाच हजारांच्या वर रुपये देऊन कलिंगडाच्या फोडी खाणं आजीला रुचणार नाही.

पोहोचायची वेळ. आरक्षणाच्या वेळेआधी १५ मिनिटं दारात, म्हणजे गार्डन ग्रिलला जाणार असाल तर एपकॉटच्या फाटकावर किमान पाऊण तास आधी. बाबागाडी बाहेर ठेवावी लागते, त्यामुळे डायपर, मुलाची वाटी, ओले वाइप्स, जाड पेन आणि वही एका छोट्या पिशवीत वेगळी काढून ठेवा. मुलीला राजकन्येचा झगा घालायचा असेल तर आत मऊ सुती बनियन आणि पातळ सुती चड्डी घाला. त्या जाळीदार कापडाने कमरेला आणि काखेत पुरळ येतं. मुकुट टोचत असेल तर पिशवीत ठेवा आणि फक्त फोटोपुरता घाला.

धाकट्याला आवाज सोसत नसेल तर मुलांचे कान झाकणारे हेडफोन घेऊन जा. आणि इतकं सगळं करूनही तो रडतच राहिला, तर एकाने त्याला घेऊन सरळ हॉलच्या बाहेर फेरी मारायची. बाकीच्यांनी बसून राहायचं, मुलीची भेट चालू ठेवायची आणि पाच-सात मिनिटांनी बाहेरच्या माणसाची पाळी बदलायची. दारातूनच, दुरून, त्याला ताईचं मिकीशी चाललेलं खेळणं दिसू द्या. अनेकदा तिथूनच तो हात हलवायला लागतो.